चाफ्याचं कूळ कोणतं? फुलझाडांची कुळं ओळखून बाग कशी लावावी

गोव्यात कूळ म्हटलं की आधी कूळ-मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे आणि दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचे, खटले आठवतात. हे कूळ वेगळं, वनस्पतिशास्त्रातलं. नर्सरीवाला ते सांगत नाही, कुंडीवर लिहिलेलं नसतं. पण कलम लागेल की कुजेल, पावसात झाड बाहेर ठेवायचं की पत्र्याखाली, कीड शेजारच्या कुठल्या झाडावर जाईल, चीक डोळ्यांत गेला तर काय, या सगळ्याचा अंदाज झाडाच्या कुळावरून येतो.

नावावर विसंबलं की फसगत ठरलेली. देवळाच्या आवारातला पांढरा चाफा, सोनचाफा, हिरवा चाफा, नागचाफा आणि भुईचाफा हे पाच चाफे पाच कुळांतले आहेत. पांढरा चाफा कण्हेरीच्या कुळातला, सोनचाफा मॅग्नोलियाच्या, हिरवा चाफा सीताफळाच्या, नागचाफा सुरंगीच्या आणि भुईचाफा चक्क हळदीच्या. पांढऱ्या चाफ्याची फांदी तोडून आठवडाभर सावलीत टाकली आणि मग मातीत खोचली की ती जगते. सोनचाफ्याची फांदी तशी टाकली तर आठवड्याने सरपण हाती येतं; त्याचं कलमी रोपच आणावं लागतं. भुईचाफ्याला फांदीच नाही. उन्हाळ्यात जमिनीतून आधी फूल येतं, मागाहून पान, आणि लावायचा तो गड्डा.

कूळ ओळखायला काय लागतं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, दाढीचं नवं ब्लेड, टाचणी, पांढरा कागद आणि पेन्सिल. मोबाइलचा कॅमेराही चालतो, पण भिंग डोळ्याला टेकवून फूल जवळ आणलं की जे दिसतं ते कॅमेऱ्यात सहसा येत नाही. फूल सकाळी खुडावं, पूर्ण उमललेलं एक आणि न उमललेली एक कळी. पाकळ्यांचा पीळ कळीतच नीट दिसतो. शक्यतो एकेरी फूल घ्यावं. डबल मोगरा, डबल जास्वंद, डबल अनंत यांच्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मोजणी चुकते.

सरावासाठी चार पांढरी, सुवासिक फुलं घ्या: मोगरा, तगर, अनंत आणि कुंती. बहुतेक आंगणांत यातली दोन तरी सापडतात. चारही पांढरी, चौघांचीही पानं हिरवीगार, आणि चौघांची चार कुळं.

१. पान देठापाशी तोडा. पांढरा चीक आला की ती तगर, म्हणजे कण्हेरीचं कूळ, अपोसायनेसी. बाकी तिघांना चीक नाही.

२. पान उजेडासमोर धरा. कुंतीच्या पानात सुईने टोचल्यासारखे बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. पान चुरगाळलं की लिंबाची आठवण होते, कारण कुंती लिंबाच्याच कुळातली, रुटेसी. कढीपत्ताही त्यातलाच.

३. फांदीवर समोरासमोरच्या दोन पानांच्या देठांमध्ये काय आहे ते भिंगातून बघा. अनंताला तिथे एक पातळ पापुद्रा असतो, कोवळ्या शेंड्याला टोपीसारखा वेढणारा. हे उपपर्ण. पानं समोरासमोर आणि देठांच्या मधे असं उपपर्ण दिसलं की कूळ कॉफीचं, रुबिएसी. फूल कितीही डबल असलं तरी ही खूण चुकत नाही.

४. उरला मोगरा. एकेरी मोगऱ्याची नळी ब्लेडने उभी चिरा आणि टाचणीने उघडा. आत पुंकेसर दोनच. पाकळ्या पाच असोत की नऊ, पुंकेसर दोनच, हा ऑलिव्हच्या कुळाचा म्हणजे ओलिएसीचा शिक्का. जाई, जुई, कुंद, पारिजात ही सगळी त्यातलीच.

पुढे दर फुलाला हाच क्रम ठेवावा: चीक, पानाची मांडणी (समोरासमोर, एकाआड एक की चक्राकार), उपपर्ण, पाकळ्या आणि पुंकेसर किती, बीजकोश पाकळ्यांच्या वर की खाली, आणि शेवटी फळ. पाकळ्या तीनच्या पटीत आणि पानाच्या शिरा समांतर असतील तर झाड लिली, हळद, ऑर्किड यांच्या बाजूचं. चार-पाचच्या पटीत असतील आणि शिरांचं जाळं असेल तर उरलेल्यांपैकी. रंगाला आणि वासाला या कामात काडीची किंमत नाही.

चिकाचं कूळ: चाफा, कण्हेर, तगर, सदाफुली

पाच पाकळ्या, आणि कळीत त्या छत्रीसारख्या पिळलेल्या. उमलल्यावर प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली, भिरभिऱ्यासारखी. बिट्टी, अॅलमांडा आणि एडेनियम हीही याच कुळातली. कण्हेर आणि सदाफुलीचा चीक पातळ, पुष्कळदा पाण्यासारखा असतो. तिथे पाकळ्यांचा पीळच बघावा. रस्त्याकडेची रुई जुन्या पुस्तकांत वेगळ्या कुळात टाकलेली आढळेल. आता ती यातच धरतात.

पांढऱ्या चाफ्याची फांदी लावायची वेळ मार्च ते मे, पान फुटण्याआधी. दीड फूट लांबीची, टोक शाबूत असलेली फांदी घ्या. चीक पाण्याने धुऊन ती सावलीत सात ते दहा दिवस उभी ठेवा, म्हणजे कापलेला भाग सुकून घट्ट होतो. मग दोन भाग नदीची रेती आणि एक भाग तांबडी माती अशा मिश्रणात चार-पाच इंच खोल लावून एकदाच पाणी द्या. त्यानंतर पान फुटेपर्यंत माती जेमतेम ओलसर राहील इतपतच. इथे सगळे चुकतात ते मायेने रोज तांब्याभर पाणी घालून. मुळं नसलेल्या फांदीला ते पाणी पिता येत नाही, बुडखा मऊ पडून काळा होतो. दाबून पाहिल्यावर फांदी लिबलिबीत लागली तर निरोगी, पांढऱ्या गराच्या भागापर्यंत कापून पुन्हा सुकवा.

पावसात चाफ्याच्या पानामागे नारिंगी पावडर दिसते. तो तांबेरा. पान पिवळं पडून गळतं, झाड मरत नाही. गळलेली पानं रोज उचलून आवाराबाहेर टाकावीत, आळ्यात पालापाचोळा म्हणून ठेवू नयेत. हिवाळ्यात झाड उघडं पडणं हा रोग नव्हे. तेव्हा खत घालू नका, पाणीही कमी करा.

सदाफुलीचा शत्रू गोव्याचा पाऊस. जुलैत हिरवंगार झुडूप दोन दिवसांत मान टाकतं आणि बुंधा काळा पडतो. ही मूळकूज. तिची कुंडी जूनच्या पहिल्या आठवड्यात पडवीत घ्यावी, आणि पागोळ्यांच्या रेषेत तर कधीच ठेवू नये. बी मात्र मेअखेर जमवून ठेवावं.

आता विषाचं. कण्हेर आणि बिट्टी यांचा प्रत्येक भाग विषारी आहे. त्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात, आणि बिट्टीची बी सर्वांत घातक. छाटणी हातमोजे घालून करावी. काड्या चुलीत किंवा शेकोटीत जाळू नयेत, गुरांपुढे टाकू नयेत. अंगणात रांगणारं मूल असेल तर या दोन झाडांना कुंपणाबाहेरची जागा द्यावी. सदाफुलीतून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधं निघतात, तेवढ्यावरून तिची पानं उठून चावायला जाऊ नये.

कण्हेरीवर आणि तगरीवर हिरवी, जाडजूड, डोळ्यासारखा निळा ठिपका असलेली अळी दिसली तर ती एका देखण्या पतंगाची. हाताने उचलून दूर सोडली की पुरे. फवारणीची गरज नाही.

जास्वंद: भेंडीची बहीण

जास्वंदीच्या फुलातून बाहेर आलेला दांडा बघा. पुंकेसरांची एकत्र झालेली नळी, तिच्यातून निघालेल्या पाच लाल टिकल्या, आणि फुलाच्या हिरव्या वाटीबाहेर आणखी एक बारीक हिरवी झालर. हे मालव्हेसी कूळ. भेंडी, कापूस, अंबाडी हे तिचे सख्खे. काटेसावर आणि कोकोलाही आता यातच घेतात.

नात्याचा व्यवहारातला अर्थ असा की भेंडीचा वाफा जास्वंदीला लागून करू नये. पिठ्या ढेकूण, मावा, तुडतुडे, पांढरी माशी या कुळात घराघरांत फिरतात. कोवळ्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके आणि खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा, कारण त्या ढेकणांची पिल्लं एका फांदीवरून दुसरीवर पोचवतात. शेंडे कापून साबणाच्या पाण्यात बुडवा. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि १ ते २ मिली द्रव साबण नीट घुसळून संध्याकाळी, पानांच्या मागच्या बाजूलाही लागेल असं फवारा. दर सात दिवसांनी, तीनदा. दुपारच्या उन्हात फवारलंत तर पानं भाजतील.

फांद्या जून-जुलैत लावाव्यात. पेन्सिलएवढी जाड, सहा ते आठ इंच लांब, तीन-चार डोळ्यांची. खालचा काप डोळ्याखाली तिरपा द्या, वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. अर्धी रेती आणि अर्ध्या कोकोपीटमध्ये चार ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. गावठी लाल जास्वंद डोळे मिटून लागते. दुकानातल्या मोठ्या, दोनरंगी फुलांच्या जाती हट्टी असतात आणि त्या बहुधा कलमीच मिळतात. फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात एक तृतीयांश छाटणी करावी. कळ्या न उमलता गळत असतील तर आधी पाण्याचं वेळापत्रक तपासा. एक दिवस कोरडं आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब, असं चालत असेल तर कळ्या गळणारच.

मोगरा, जाई, पारिजात

म्हार्दोळच्या म्हालसेच्या देवळात जायांची पूजा होते, तिथे जाईची किंमत सांगायला नको. पारिजातही याच कुळातला. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ऑर्टाने ‘दुःखी झाड’ म्हणून त्याचं वर्णन केलं, आणि लिनियसने दिलेल्या शास्त्रीय नावातही ते दुःख राहिलं आहे: निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस. पणजीच्या चर्चजवळची बाग याच ऑर्टाच्या नावाची.

मोगऱ्याला फुलं लागत नाहीत, या तक्रारीमागे बहुतेक वेळा दोन कारणं असतात: ऊन कमी, किंवा छाटणी नाही. रोज सहा तास थेट ऊन हवं. माडांच्या सावलीतला मोगरा पानांनीच भरतो. मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो, म्हणून जुन्या काड्या राखून उपयोग नसतो. नोव्हेंबरच्या मध्याला पाणी तोडा. दहा-पंधरा दिवसांनी झाड दीड फुटावर छाटा, मेलेल्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढा, उरलेली पानं ओरबाडून टाका. आळं उकरून मुळांना दोन दिवस वारा लागू द्या. मग १२ इंची कुंडीला दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड घालून पाणी सुरू करा. फेब्रुवारीच्या अखेरीस कळ्या दिसायला लागतात.

कळ्या जांभळट होऊन जाळीने चिकटलेल्या आणि भोक पडलेल्या दिसल्या तर ती कळी पोखरणारी अळी. अशा कळ्या झाडावर ठेवू नका, रोज खुडून चुरडून टाका. पहिल्या बहरात हे केलंत तर दुसऱ्या बहराला त्रास कमी होतो. रोप वाढवायचं असेल तर पावसाळ्यात जमिनीलगतची काडी वाकवून, मधे सालीला छोटा छेद देऊन, तो भाग मातीत दाबा आणि वर चिऱ्याचा तुकडा ठेवा. दोन-अडीच महिन्यांत दाब कलम तयार.

पिटकुळी आणि अनंत: चुना नको

इक्झोरा म्हणजे आपली पिटकुळी, मुसांडा, अनंत आणि कदंब, सगळी कॉफीच्या कुळातली. पिटकुळीच्या एका फुलाला पाकळ्या चार, नळी लांब आणि बीजकोश नळीच्या खाली. या कुळातल्या बागेच्या झाडांना आम्ल माती आवडते, आणि गोव्याची जांभ्याची तांबडी माती आम्लच असते. मग पानं पिवळी का पडतात? कारण कुंडी नव्या कंपाउंडच्या भिंतीला टेकलेली असते, किंवा माती मोकळी करायला समुद्रावरची रेती घातलेली असते. भिंतीतून सिमेंटचा चुना झिरपतो, रेतीत शिंपल्यांचा चुरा असतो आणि वर मीठ. मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

ओळख सोपी. नवं, शेंड्याचं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या: लोह कमी पडतंय. जुनं, खालचं पान शिरांच्या मधे पिवळं: मॅग्नेशियम. लोहासाठी एक लिटर पाण्यात २ ग्रॅम फेरस सल्फेट आणि अर्ध्या लिंबाचा रस, गाळून, संध्याकाळी पानांवर. पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा. पण हा तात्पुरता उपाय. कुंडी भिंतीपासून दोन फूट सरकवा आणि माती बदला: दोन भाग तांबडी माती, एक भाग कुजलेलं खत, एक भाग नदीची रेती. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर या झाडांना पावसाचं साठवलेलं पाणी द्या.

अनंताच्या कळ्या मोठ्या होऊन न उमलता गळतात. एकतर जागा सारखी बदलली जाते, किंवा मार्च-एप्रिलात कुंडी सुकते. कळी धरल्यावर कुंडी हलवू नका, अगदी पाहुणे येणार असले तरी.

अबोली

अबोलीचं फूल नीट बघण्यासारखं आहे. पाच भागांची पाकळी, पण सगळे भाग एकाच बाजूला पंख्यासारखे पसरलेले, दुसरी बाजू चिरून सपाट केल्यासारखी. फुलं हिरव्या कणसातून खालून वर क्रमाने येतात. कूळ अकँथेसी, त्यातच कोरांटी आणि अडुळसा.

या कुळाची खरी गंमत फळात. कणसातलं बोंड पिकून तपकिरी झालं की एक तोडा आणि पाण्याच्या वाटीत टाका, पण वाटीवर बशी झाका. थोड्याच वेळात टक असा आवाज होतो, बोंड मधोमध फाटतं आणि बिया बशीवर आपटतात. आत बियांच्या खाली आकड्यासारखे ताठ दांडे असतात, ते बिया भिरकावतात. रस्त्याकडेला निळ्या-जांभळ्या फुलांच्या रुएलियाची वाळकी शेंग पोरं थुंकी लावून फोडतात, तीही याच कुळातली. म्हणजे अबोलीचं बी हवं असेल तर बोंडं पहिल्या पावसाआधी, मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, कोरडी असतानाच खुडायला हवीत. कागदी पिशवीत घालून तोंड दुमडून ठेवा. एकदा वळवाची सर येऊन गेली की कणीस रिकामं.

बी रेती आणि कंपोस्ट समसमान घेतलेल्या ट्रेमध्ये पाव इंच खोल पेरावं. रोपांना चार-सहा पानं आली की एक फुटावर लावावं. एखाद्या झाडाला फुलं भरघोस पण बोंडात बी कधीच नाही, असं दिसलं तर ती बहुधा दिल्ली अबोली. तिच्यात गुणसूत्रांचे संच दोनाऐवजी तीन असल्यामुळे बी धरत नाही. तिच्या चार इंची शेंड्याच्या फांद्याच लावाव्या लागतात.

अबोली मरते ती बहुतेक जमिनीतून. दोन वर्षं छान फुललेलं झाड दुपारी मलूल, सकाळी पुन्हा ताठ, असं आठवडाभर करतं आणि मग वाळतं. उपटून मुळं धुवा. मुळांवर बारीक गाठी असतील तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे धाग्यासारखे सूक्ष्म जंत. गाठी नसून बुंध्याची साल आतून तपकिरी असेल तर मर रोग. सूत्रकृमींनी मुळांना केलेल्या जखमांतून मरीची बुरशी आत शिरते, म्हणून पुष्कळदा दोन्ही एकत्रच सापडतात. त्याच खड्ड्यात पुन्हा अबोली लावणं म्हणजे नवं रोप फुकट घालवणं. तिथे एक हंगाम झेंडू लावा. झेंडूच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मानवत नाहीत. पुढच्या अबोलीला लावतानाच ५० ते १०० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा. दुपारनंतरची सावली अबोलीला चालते. पाणी साचलेलं चालत नाही.

बोगनवेल, गुलबक्षी

बोगनवेलीच्या ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो त्या रंगीत पानं आहेत, तीन-तीनच्या घोळक्यात. प्रत्येकीच्या मध्यशिरेवर चिकटलेली बारीक पांढरी नळी म्हणजे फूल. हिचे नमुने ब्राझीलमध्ये १७६७ च्या सुमारास फ्रेंच मोहिमेतल्या फिलिबेर कॉमेरसाँने गोळा केले, नाव मात्र लागलं मोहिमेच्या कप्तानाचं. गुलबक्षीही याच निक्टॅजिनेसी कुळातली. तिचा रंगीत कर्णा पाकळ्यांचा नसून निदलपुंजाचा, म्हणजे एरवी हिरव्या असणाऱ्या बाहेरच्या वाटीचा.

बोगनवेलीला उपाशी ठेवावं लागतं. शेणखताने आणि युरियाने ती दहा फूट वाढेल आणि एक फूल देणार नाही. पाऊस थांबला की ऑक्टोबराच्या सुरुवातीला एक तृतीयांश छाटा, कुंडी भर उन्हात ठेवा, पानं किंचित मलूल होईपर्यंत पाणी देऊ नका, मग भरपूर द्या, पुन्हा थांबा. दोन-तीन फेऱ्यांत रंग दिसू लागतो. कुंडी बदलताना रोप ओढू नका. मुळं काचेसारखी तुटतात. पिशवी ब्लेडने फाडून मातीच्या गोळ्यासकट बसवा.

झेंडू, शेवंती

आपल्याकडे ज्यांना रोजां म्हणतात ती झेंडूची फुलं, शेवंती, झिनिया, सूर्यफूल: कूळ अॅस्टरेसी. एक ‘फूल’ म्हणजे शेकडो फुलांची सभा. झेंडूची एक पाकळी उपटून बघा, तिच्या तळाशी बारीक काळं बी होऊ घातलेलं असतं. म्हणून बीसाठी फूल झाडावरच पूर्ण वाळू द्यावं.

दसऱ्याला फुलं हवी असतील तर झेंडू ६५ ते ७५ दिवस आधी पेरावा. जुलै-ऑगस्टच्या त्या पावसात ट्रे छपराखाली हवा. रोपं तीन-चार आठवड्यांची झाली की एक-सव्वा फुटावर लावा आणि पाच-सहा पानांच्या जोड्या आल्यावर शेंडा खुडा.

शेवंतीची अडचण वेगळीच. ती रात्र मोजते. गोव्यात जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा, डिसेंबरात सव्वाअकराचा. रात्री लांबल्या की ती कळी धरते. कुंडी रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा पडवीतल्या रात्रभर जळणाऱ्या बल्बजवळ असेल तर तिच्या हिशेबी रात्र होतच नाही, आणि खत कितीही घाला, झाड नुसतं पानाळतं. सप्टेंबरपासून तिला अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. दिवसाचं ऊन मात्र मिळायला हवं.

उरलेली, थोडक्यात

सोनटक्का हळदीच्या कुळातला, झिंजिबरेसी. गड्डे मेअखेर फोडून, दोन-तीन डोळ्यांचा एकेक तुकडा दोन इंच खोल लावा. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर खूश असतो, साबण जास्त नसेल तर. कर्दळ दिसायला जवळची, पण तिचं कूळ स्वतंत्र.

गोकर्ण शेंगांच्या कुळातला. फूल उलटं असतं, मोठी पाकळी खाली. बी रात्रभर भिजवून पेरा. मुळांवर गाठी दिसल्या तर घाबरू नका, त्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या. बोटाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आत गुलाबी असतात. अबोलीच्या मुळावरची सूत्रकृमीची गाठ मुळाचाच भाग असते, सुटत नाही. याच कुळातल्या बहाव्याला मात्र अशा गाठी होत नाहीत.

सोनचाफा आणि हिरवा चाफा यांची कुळं वेगळी असली तरी दूरची भाऊबंद आहेत, आणि ते टेल्ड जे नावाच्या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराला माहीत आहे. त्याची अळी सोनचाफ्यावरही वाढते, सीताफळाच्या कुळातल्या झाडांवरही. सोनचाफ्याची खूण फांदीवर: प्रत्येक पानाच्या जागी खोडाभोवती पूर्ण वेढणारी अंगठीसारखी रेघ. खड्ड्यात पाणी साचलं तर तो एका पावसाळ्यात जातो, म्हणून उंचवट्यावरच लावा.

गुलाबाबद्दल इथे फार लिहीत नाही. गोव्याच्या दमट हवेत पानांवरचे काळे डाग पाठ सोडत नाहीत, आणि तेवढ्या मेहनतीत चार अबोल्या होतात.

मांडणी आणि नोंद

कागदावर आवाराचा आराखडा काढा आणि झाडाच्या नावाआधी कूळ लिहा. एका कुळाची झाडं शक्यतो विखरून ठेवा. पाण्याच्या बाबतीत मात्र सारख्या गरजेची एकत्र: बोगनवेल, चाफा, एडेनियम कोरड्या, उन्हाच्या बाजूला, अनंत, पिटकुळी, सोनटक्का विहिरीकडे. कुंडीतलं झाड मेलं तर त्या मातीत त्याच कुळाचं दुसरं लावू नका.

नावाची पट्टी प्लॅस्टिकची नको, एका उन्हाळ्यात तडकते. मार्करची शाई पावसात जाते. थंड पेयाच्या रिकाम्या डब्याची अॅल्युमिनियमची पट्टी कापा, कडा दुमडा, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवून बोथट खिळ्याने दाबून लिहा. अक्षरं कोरली जातात. वर कूळ, खाली नाव, मागे लावल्याचा महिना. तारेने फांदीला बांधताना बोट जाईल एवढी सैल ठेवा. बुंध्याला आवळून बांधलेली तार दोन वर्षांत सालीत रुतते.